जेलीफिश आणि प्रवाळ एकाच संघात कसे? आणि मॅन-ऑफ-वॉर नक्की कोण?

तुमच्या प्रश्नात खरे तर चार प्रश्न आहेत. पाण्यात झुलणारी जेलीफिश आणि दगडासारखे एका जागी बसलेले प्रवाळ एकाच संघात का? निळा फुगा घेऊन समुद्रावर तरंगणारा पोर्तुगीज मॅन-ऑफ-वॉर ही जेलीफिश आहे की नाही? कॉम्ब जेली दिसायला इतकी सारखी असूनही या संघाबाहेर का? आणि या संघाचे एका पुस्तकात तीन वर्ग, दुसऱ्यात पाच, तिसऱ्यात सात, हा काय प्रकार आहे? जाता जाता तुम्ही नमुना ओळखण्याबद्दलही विचारले आहे, त्यावर शेवटी येतो.

आधी एक समजूत बाजूला ठेवा. जेलीफिश हे एक कुळ आणि प्रवाळ हे दुसरे कुळ, असे नाही. या जगण्याच्या दोन तऱ्हा आहेत: एक तरंगत शिकार करण्याची, दुसरी एका जागी बसून सांगाडा रचण्याची. जवळचे भाऊबंद या दोन वेगळ्या तऱ्हांनी जगताना दिसतात आणि दूरदूरचे जीव एकाच तऱ्हेने जगताना दिसतात. वर्गीकरण मात्र वंशावळीवर चालते. बहुतेक गोंधळ या एका गोष्टीतून उगवतो.

या संघाचे आजचे नाव निडारिया. त्याला बांधून ठेवणारी खूण म्हणजे दंशपेशी. या पेशीच्या आत एक सूक्ष्म कुपी असते आणि कुपीत गुंडाळी करून ठेवलेला पोकळ धागा. चिथावणी मिळाली की हातमोज्याचे आत ओढले गेलेले बोट फुंकर मारून बाहेर काढावे तसा तो धागा उलटा होत बाहेर फेकला जातो. जलव्यालाच्या, म्हणजे हायड्राच्या, कुपीत सुमारे १५० वातावरणे इतका दाब साठलेला असतो. पॉलि-गॅमा-ग्लुटामेट नावाचे द्रव्य कुपीत ठासून भरलेले असते, ते पाणी आत ओढते आणि दाब तयार होतो. तो पेलण्यासाठी कुपीची भिंत मिनिकोलॅजेन नावाच्या खास प्रथिनांची असते. २००६ मध्ये अतिवेगवान कॅमेऱ्याने हे मोजले गेले. कुपीतला काटा बाहेर पडण्याचा मुख्य टप्पा सुमारे ७०० नॅनोसेकंदांत संपतो आणि त्याचे त्वरण गुरुत्वाकर्षणाच्या ५० लाख पटींहून जास्त निघाले. प्राणिसृष्टीत याहून वेगवान हालचाल क्वचितच सापडेल.

ही कुपी दुसरा कोणताही प्राणी स्वतः घडवत नाही. काही समुद्री गोगलगाई निडारियांना खाऊन त्यांच्या न फुटलेल्या कुप्या आपल्या पाठीवरच्या टोकांत साठवतात आणि स्वतःच्या बचावासाठी वापरतात, पण तो चोरीचा माल. एक कुपी एकदाच वापरता येते, मग पेशी टाकून नवी बनवावी लागते. कुपी फुटायला प्राणी जिवंत असण्याची गरज नसते, म्हणून वाळूवर पडलेली मेलेली जेलीफिशही डंख करते.

कुप्या एकाच प्रकारच्या नसतात. विषारी, चिकट, गुंडाळणाऱ्या असे पंचविसांहून अधिक प्रकार सूक्ष्मदर्शकाखाली वेगळे करता येतात. समुद्रफुले (सी ॲनिमोन) आणि त्यांच्या जवळच्या नातेवाइकांकडे चिकट धाग्यांच्या स्पायरोसिस्ट नावाच्या कुप्या असतात, त्या जेलीफिशकडे कधीच नसतात. नळीत राहणाऱ्या सेरियांथस गटाकडे आणखी एक प्रकार असतो: त्याचे धागे डंखासाठी नसतातच, ते विणून राहायची नळी तयार होते. या क्षेत्रात काम करणारा माणूस नमुन्याचा रंग शेवटी बघतो, कुप्यांचा संच आधी.

बाकीचा देह साधा आहे, पण 'साधा' हा शब्द जपून वापरायला हवा. बाहेरचा आणि आतला असे पेशींचे दोन थर, मध्ये मीसोग्लिया नावाचा लगदा, एकच तोंड आणि त्याच तोंडाने मलविसर्जन. मेंदू नाही, मज्जापेशींचे जाळे आहे. पाठ्यपुस्तक यांना अरीय सममित, म्हणजे चाकाच्या आऱ्यांसारखे सगळीकडून सारखे, म्हणते आणि जेलीफिशपुरते ते ठीक आहे. समुद्रफूल आडवे कापून पाहिले तर घसा गोल नसतो, चिरेसारखा लांबट असतो. आतले पडदेही असे बसलेले असतात की शरीराला डावी-उजवी बाजू मिळते. नेमॅटोस्टेला या चिखलात राहणाऱ्या छोट्या समुद्रफुलात शरीराचे अक्ष ठरवणारी जनुके २००४ मध्ये तपासली गेली, तेव्हा द्विपार्श्व, म्हणजे डावी-उजवी बाजू असलेल्या, प्राण्यांत काम करणारे हॉक्स आणि डीपीपी हे जनुकगट तिथेही कामावर दिसले. २००७ मध्ये त्याच प्राण्याचा पूर्ण जीनोम, म्हणजे सगळा डीएनए, वाचला गेला आणि जनुकांचा साठा माशी किंवा गोलकृमीपेक्षा पृष्ठवंशीयांशी जास्त जुळतो असे निघाले. तेव्हा निडारियांना 'आदिम' म्हणणारे वाक्य कुठे दिसले, तर लेखकाचे वाचन जुने आहे असे खुशाल समजा.

आता तरंगणारे आणि बसलेले यांचे नाते. बहुशुंडक, म्हणजे पॉलिप, ही बुडाने चिकटलेली आणि वर तोंड व शुंडके (टेंटॅकल) असलेली नळी. छत्रिक, म्हणजे मेडुसा, ही तीच नळी चपटी करून उलटी केलेली, मीसोग्लिया फुगवलेला, तोंड खाली. रचना एकच. कित्येक जातींत तर ही दोन्ही रूपे एकाच प्राण्याच्या आयुष्यात एकामागून एक येतात, आणि हे कळायला बराच काळ गेला. नॉर्वेचा मायकेल सार्स याने १८२९ मध्ये दोन 'नवे' प्राणी वर्णन केले. एक छोटा पॉलिप, त्याला त्याने स्किफिस्टोमा म्हटले. दुसरा ताटल्यांच्या उतरंडीसारखा, तो स्ट्रोबिला. पुढच्या दहाबारा वर्षांत त्याच्याच लक्षात आले की पॉलिपच आडवा खाचत जाऊन ती उतरंड बनतो, प्रत्येक ताटली सुटून आठ हातांची चिमुकली ईफायरा होते आणि ती वाढली की नेहमीची चंद्र जेलीफिश, ऑरेलिया, तयार होते. ईफायरासुद्धा तोवर स्वतंत्र प्रजाती मानली जात होती. म्हणजे एका प्राण्याच्या अवस्थांना चार नावे. १८४२ मध्ये डेन्मार्कच्या स्टेनस्ट्रुपने या प्रकाराला पिढ्यांचे एकांतरण म्हटले.

मला स्वतःला यातला पॉलिप जास्त महत्त्वाचा वाटतो, जरी छायाचित्रे सगळी छत्रिकाची निघतात. ऑरेलियाचा छत्रिक साधारण काही महिने जगतो. काही मिलिमीटरचा पॉलिप मात्र शिंपल्यांच्या आणि धक्क्यांच्या खालच्या बाजूला वर्षानुवर्षे टिकतो, स्वतःच्या प्रती काढतो आणि थंडी-उष्णतेचा इशारा मिळाला की एकदम ईफायरा सोडतो. जेलीफिशचे थवे अचानक कुठून उपटले असे लोक विचारतात, तेव्हा उत्तर बहुधा या न दिसणाऱ्या पॉलिपांमध्ये असते. बऱ्याच जातींचे पॉलिप निसर्गात अजून कोणी पाहिलेलेच नाहीत.

हा क्रम सगळीकडे सारखा नाही. हायड्राने छत्रिक अवस्था पूर्ण गाळली आहे. पेलाजिया नॉक्टिल्युका या जांभळ्या डंखणाऱ्या जेलीफिशने पॉलिप गाळला, तिची अळी थेट ईफायरा होते. ट्युरिटॉप्सिस डोर्नी उलट दिशेनेही जाऊ शकते: जखमी किंवा उपाशी प्रौढ छत्रिक गोळा होऊन पुन्हा पॉलिप बनतो. १९९० च्या दशकात हे नोंदले गेले आणि तेव्हापासून तिला 'अमर' म्हणायची फॅशन आली आहे. प्रयोगशाळेतली ती क्षमता खरी आहे. समुद्रात तिला इतरांसारखेच खाल्ले जाते.

इथून वर्गीकरणाकडे वळू. निडारियात सर्वांत खोल फांदी एक आहे: एका बाजूला अँथोझोआ, म्हणजे प्रवाळ, समुद्रफुले, समुद्रपंखे, समुद्रपिसे; दुसऱ्या बाजूला मेडुसोझोआ, म्हणजे छत्रिक बनवणारे सगळे. अँथोझोआत छत्रिक अवस्था कधीच येत नाही. पॉलिपच अंडी आणि शुक्राणू तयार करतो. पण सर्वांत खोल फांदी कोणती हा वाद ज्या पुराव्याने मिटला तो शरीररचनेतला नाही. प्राण्यांच्या तंतुकणिकांतला, म्हणजे पेशीला ऊर्जा पुरवणाऱ्या मायटोकॉन्ड्रियांतला, डीएनए सहसा वर्तुळाकार असतो. अँथोझोआत तो तसाच आहे. १९९२ मध्ये दिसून आले की मेडुसोझोआत तो सरळ रेषेत आहे, दोन टोके असलेला. असा बदल वारंवार होत नाही, म्हणून तो एकाच पूर्वजात झाला असे मानणे रास्त. त्याआधी हायड्रासारखा साधा पॉलिप मुळाशी असावा असा एक मोठा मतप्रवाह होता. आता हायड्रा हा साधा राहिलेला पूर्वज नसून साधा झालेला वंशज आहे हे स्पष्ट आहे.

मेडुसोझोआत चार वर्ग धरा. स्किफोझोआ, म्हणजे नेहमीच्या मोठ्या जेलीफिश, सुमारे २०० जाती. नेमोपिलेमा नोमुराई ही पूर्व आशियाच्या समुद्रातली जेलीफिश दोन मीटर व्यासापर्यंत आणि २०० किलोपर्यंत जाते. आकड्यांवर फार विसंबू नका, कारण जनुके तपासली की ते वाढतात. 'ऑरेलिया ऑरिटा' म्हणून जगभर एकच जात सांगितली जात असे, तिच्या जागी आज दोन डझनांहून अधिक जाती मानल्या जातात आणि कित्येक डोळ्यांनी वेगळ्या करता येत नाहीत.

क्यूबोझोआ, म्हणजे बॉक्स जेलीफिश, सुमारे ५० जाती. हा वर्ग १९७० च्या दशकात जर्मनीच्या बर्नहार्ड वेर्नर याने वेगळा केला. त्याने यांचे पॉलिप वाढवून पाहिले, तेव्हा ते ताटल्या पाडत नाहीत, अख्खा पॉलिपच छत्रिकात बदलतो असे दिसले. यांना २४ डोळे असतात, चार गुच्छांत सहा-सहा, आणि त्यांपैकी काहींना भिंग, दृष्टिपटल असे सगळे असते. खारफुटीच्या मुळांमध्ये राहणारी ट्रिपेडालिया ही नखाएवढी बॉक्स जेलीफिश अडथळ्यावर आपटल्यानंतर काही मिनिटांतच अंतर राखायला शिकते, हे २०२३ मध्ये दाखवले गेले. तेही मेंदूशिवाय. याच वर्गात ऑस्ट्रेलियाच्या उत्तर किनाऱ्यावरची किरोनेक्स फ्लेकेरी आहे, जिचा मोठा डंख काही मिनिटांत हृदय थांबवू शकतो. आणि जेमतेम एकदोन सेंटिमीटरची कारुकिया बार्नेसी. तिच्या डंखाने सुरुवातीला फारसे काही वाटत नाही, पण अर्ध्या तासाने असह्य पाठदुखी, उलट्या आणि वाढलेला रक्तदाब सुरू होतो. या आजाराला इरुकांजी म्हणतात. त्यामागे हीच आहे हे ठरवण्यासाठी डॉ. जॅक बार्न्स यांनी १९६१ मध्ये स्वतःला, आपल्या लहान मुलाला आणि एका जीवरक्षकाला डंख करवून घेतला. तिघेही रुग्णालयात गेले आणि बचावले. आजची कोणतीही नीतिसमिती या प्रयोगाला दारातही उभे करणार नाही.

स्टॉरोझोआ हा देठावर बसलेल्या जेलीफिशचा छोटा वर्ग, ५० च्या आसपास जाती, २००४ मध्ये स्किफोझोआतून वेगळा काढलेला. यांचे छत्रिक कधी सुटतच नाहीत. पुढे चला.

हायड्रोझोआ मात्र अवाढव्य आहे, साडेतीन हजारांहून अधिक जाती, आणि इतका विविध की त्याची एका वाक्यात व्याख्या करण्याच्या फंदात मी पडत नाही. गोड्या पाण्यातला हायड्रा यातच. ज्या एक्वोरिया जेलीफिशमधून ओसामु शिमोमुरा यांनी १९६२ मध्ये हिरवे प्रदीप्त प्रथिन वेगळे केले, तीही यातच. त्या प्रथिनाने पेशीविज्ञान बदलले आणि २००८ चे रसायनशास्त्राचे नोबेल शिमोमुरा, चाल्फी आणि त्सिएन यांना मिळाले. छत्रीच्या कडेला आतून पातळ पडदा असणे ही हायड्रोझोआच्या बहुतेक छत्रिकांची चांगली खूण आहे. बॉक्स जेलीफिशलाही तसाच पडदा दिसतो, पण त्यात पचनमार्गाच्या नलिका शिरलेल्या असतात.

तुमचा मॅन-ऑफ-वॉर, फायसेलिया, या हायड्रोझोआतल्या सायफोनोफोर गटातला. तो एक प्राणी की अनेक, या प्रश्नावर परीक्षेत 'वसाहत' असे लिहून गुण मिळतात, पण उत्तर तितके सरळ नाही. एका फलित अंड्यापासून सुरुवात होते, अंकुर फुटत जातात आणि प्रत्येक अंकुर एक पॉलिप किंवा छत्रिक होतो. मात्र कोणी फक्त पचवतो, कोणी फक्त डंखतो, कोणी फक्त प्रजनन करतो, आणि एकही सुटा जगू शकत नाही. उत्पत्तीने पाहिले तर अनेक, कामाने पाहिले तर एक. वर तरंगणाऱ्या निळ्या फुग्यातल्या वायूत कार्बन मोनॉक्साइड असतो आणि तो प्राणी स्वतः तयार करतो. २०२५ पर्यंत जगभर एकच फायसेलिया फायसेलिस मानली जाई. जगभरच्या नमुन्यांचे जीनोम तपासल्यावर त्याच्या चार जाती ठरल्या. तेव्हा त्याला बोलण्यात जेलीफिश म्हणालात तर मी हरकत घेणार नाही. वहीत लिहिताना 'जेलीफिशच्या वर्गात' असे लिहिलेत तर घेईन, कारण स्किफोझोआपेक्षा हायड्रा त्याचा जवळचा नातेवाईक आहे.

वैद्यकशास्त्राला या प्राण्याने एक मोठी गोष्ट दिली. १९०१ मध्ये शार्ल रिशे आणि पॉल पोर्टियर या फ्रेंच शास्त्रज्ञांनी मोनॅकोच्या राजाच्या जहाजावर फायसेलियाच्या विषावर काम सुरू केले आणि परत आल्यावर समुद्रफुलाच्या विषाने ते पुढे नेले. विष थोडे थोडे देऊन कुत्र्यांत प्रतिकारशक्ती येईल अशी अपेक्षा होती; घडले उलटेच, दुसरा अगदी छोटा डोसही जिवावर बेतला. ॲनाफिलॅक्सिसचा, म्हणजे जिवावर बेतणाऱ्या तीव्र ॲलर्जीचा, शोध तो हाच, रिशेंना १९१३ चे नोबेल त्यासाठी मिळाले.

प्रवाळांकडे येऊ. इथे माझी लोकांशी सर्वांत जास्त हुज्जत होते. अँथोझोआचे दोन मोठे भाग: आठ पिसासारखी शुंडके असलेले ऑक्टोकोरॅलिया आणि बहुधा सहाच्या पटीत शुंडके व पडदे असलेले हेक्साकोरॅलिया. अलीकडे काही तज्ज्ञ या दोहोंना उपवर्गांऐवजी पूर्ण वर्गांचा दर्जा देतात. आता 'प्रवाळ' शोधा. प्रवाळभित्ती बांधणारे दगडी प्रवाळ, स्क्लेरॅक्टिनिया, हे हेक्साकोरॅलियात, समुद्रफुलांचे भाऊबंद. दागिन्यांतले लाल पोवळे, कोरॅलियम, हे ऑक्टोकोरॅलियात, मऊ प्रवाळ आणि समुद्रपंख्यांसोबत. निळा प्रवाळ, हेलिओपोरा, दगडी सांगाडा करतो पण तोही ऑक्टोकोरॅलियातलाच. काळा प्रवाळ पुन्हा हेक्साकोरॅलियात, त्याच्या सांगाड्यात चुना नसतो, प्रथिन आणि कायटिन असते. हवाई बेटांजवळच्या खोल पाण्यातल्या एका काळ्या प्रवाळाचे वय ४,००० वर्षांहून जास्त निघाले आहे. आणि पाण्यात बुडी मारणाऱ्यांना भाजल्यासारखा चटका देणारा अग्निप्रवाळ, मिलेपोरा, तर अँथोझोआतच नाही. तो हायड्रोझोआ आहे, मॅन-ऑफ-वॉरच्या बाजूचा. त्याचे इवलेसे छत्रिक पाण्यात सुटतात, मग त्याला दगडी प्रवाळाचा भाऊ कसे म्हणणार? चुन्याचा सांगाडा रचण्याची युक्ती निडारियांनी पुन्हा पुन्हा शोधली आहे.

दगडी प्रवाळांच्या आतही हेच. पूर्वी कुले सांगाड्याच्या नक्षीवरून ठरत. १९९६ मध्ये जनुकांनी या गटाचे दोन खोल भाग दाखवले, ते जुन्या उपगणांशी जुळेनात. २००४ मध्ये अटलांटिकमधले आणि हिंदी-प्रशांत महासागरांतले एकाच कुलात घातलेले प्रवाळ वेगवेगळ्या वंशांचे निघाले. नक्षी प्रकाश आणि प्रवाहानुसार बदलते, दोन वंश सारख्या परिस्थितीत सारखे दिसू लागतात. जुनी चित्रपुस्तके म्हणून टाकाऊ होत नाहीत, पण त्यांतली कुलांची नावे आजच्या यादीशी पडताळूनच वापरा.

सगळे दगडी प्रवाळ उथळ, उबदार पाण्यात असतात हाही एक गैरसमज. जवळजवळ निम्म्या जाती शैवालाशिवाय, अंधारात, थंड पाण्यात राहतात. उरलेल्या निम्म्यांच्या पेशींत सिम्बिओडिनिएसी कुलातली एकपेशीय शैवाले असतात आणि प्रवाळाच्या ऊर्जेचा मोठा वाटा ती प्रकाशातून देतात. पाण्याचे तापमान नेहमीच्या उन्हाळी कमाल पातळीच्या अंशभर वर काही आठवडे राहिले, तर शैवालाची प्रकाशयंत्रणा बिघडून घातक ऑक्सिजन-रेणू तयार होतात, भागीदारी तुटते आणि पारदर्शक ऊतीतून पांढरा सांगाडा दिसू लागतो. असे विरंजन (ब्लीचिंग) झालेला प्रवाळ मेलेला नसतो, उपाशी असतो. पाणी लवकर निवले तर सावरतो. १९९८, २०१०, २०१४ ते २०१७ आणि एप्रिल २०२४ मध्ये जाहीर झालेली चौथी, अशा जागतिक विरंजनाच्या घटना नोंदल्या आहेत. दोन घटनांमधले अंतर सावरायला पुरेसे उरत नाही, खरी अडचण ती आहे.

जीवाश्मांबद्दल तुम्ही विचारले नाही, पण एक गोष्ट सांगायचा मोह आवरत नाही. आजचे दगडी प्रवाळ जीवाश्मांत सुमारे २४ कोटी वर्षांपूर्वीपासून दिसतात. त्याआधीच्या भित्तींतले रुगोसा आणि टॅब्युलाटा हे प्रवाळ २५.२ कोटी वर्षांपूर्वीच्या महाविलोपात संपले. रुगोसांच्या सांगाड्यावर रोजच्या वाढीच्या बारीक रेषा असतात आणि वर्षाचे पट्टेही. १९६३ मध्ये जॉन वेल्स यांनी डेव्होनियन, म्हणजे सुमारे ४२ ते ३६ कोटी वर्षांपूर्वीच्या, काळातल्या प्रवाळांवर त्या मोजल्या तर वर्षाला सुमारे ४०० भरल्या. भरती-ओहोटीच्या घर्षणाने पृथ्वीचे फिरणे मंदावते हे खगोलशास्त्रज्ञ गणिताने सांगत होते; त्या काळी वर्षात जास्त दिवस होते याची साक्ष प्रवाळांनी दिली.

आता कॉम्ब जेली, टेनोफोरा. पारदर्शक, लुसलुशीत, समुद्रात तरंगणारी, म्हणून एकोणिसाव्या शतकात त्यांना निडारियांसोबत सीलेंटेराटा नावाच्या एकाच गटात घातले गेले. १८८८ मध्ये ऑस्ट्रियाच्या हॅचेक या प्राणिशास्त्रज्ञाने त्यांना वेगळे केले आणि तेच टिकले. त्या छत्री मिटत-उघडत पोहत नाहीत, सूक्ष्म केसांच्या आठ पट्ट्या वल्हवत पोहतात. बहुतेकींची शिकार गोंद लावलेल्या पेशींनी होते, दंशपेशींनी नाही. हेकेलिया नावाच्या एका कॉम्ब जेलीत दंशकुप्या सापडल्याने बराच काळ गोंधळ होता. त्या तिने खाल्लेल्या छत्रिकांच्या निघाल्या. २०२३ मध्ये गुणसूत्रांवरच्या जनुकांच्या मांडणीची तुलना झाली, तिने असा कौल दिला की टेनोफोरा ही इतर सर्व प्राण्यांपासून सर्वांत आधी फुटलेली शाखा आहे. तो मान स्पंजांचा आहे असे म्हणणारे अजून मागे हटलेले नाहीत. निकाल काहीही लागो, त्या निडारियांच्या सख्ख्या नाहीत, एवढे पक्के.

सारखे दिसणारे बाहेर गेले तसे अजिबात न दिसणारे आत आले. मिक्सोझोआ हे माशांमधले परजीवी, दोन हजारांहून अधिक जाती, बीजाणू मिलिमीटरच्या शंभराव्या भागाएवढा आणि मोजक्या पेशींचा. तोंड नाही, आतडे नाही, मज्जापेशी नाहीत. १९९० च्या दशकापर्यंत पुस्तके त्यांना एकपेशीय जीवांत ठेवत. त्यांच्या बीजाणूतली ध्रुवीय कुपी आणि तिच्यातला गुंडाळलेला धागा पाहून काही जणांना आधीपासून शंका होतीच. जनुकांनी ती खरी ठरवली: ती दंशकुपीच आहे आणि तिच्यात मिनिकोलॅजेनही आहे. हे जीव मेडुसोझोआचे जवळचे, परजीवी होता होता सगळे काही गमावलेले. त्यांच्यातल्या हेनेग्वाया साल्मिनिकोला या सामन माशातल्या जातीत तंतुकणिकांचा जीनोमच नाही, असे २०२० मध्ये जाहीर झाले. असा तो पहिलाच ज्ञात प्राणी. छत्रिक नाही, पॉलिप नाही, पण कुपी आहे, म्हणून निडारिया. स्टर्जन माशाच्या अंड्यात वाढणारा पॉलिपोडियम हा त्यांचा एकटा उरलेला जवळचा नातेवाईक.

पुस्तके जुळत नाहीत ती यामुळेच. हायड्रोझोआ, स्किफोझोआ, अँथोझोआ अशी जुनी मांडणी केली की तीन वर्ग. क्यूबोझोआ आणि स्टॉरोझोआ मिळवले की पाच. मिक्सोझोआ आणि पॉलिपोडियम धरले की सात, आणि अँथोझोआचे तुकडे केले तर त्याहून जास्त. यातले कोणतेही पुस्तक खोटे बोलत नाही, प्रत्येक आपल्या वर्षाचे बोलते. वर्गाचा दर्जा देणे हा शेवटी संकेताचा भाग. कोणाची फांदी कोणाला जोडलेली आहे, हा पुराव्याचा. परीक्षेसाठी तुमच्या अभ्यासक्रमाची यादी लिहा, कामासाठी वंशवृक्ष लक्षात ठेवा.

नमुना सापडला तर आधी हात लावू नका, हातमोजे घाला. डंख झालाच तर चोळू नका आणि गोडे पाणी ओतू नका, त्याने उरलेल्या कुप्या फुटतात. बॉक्स जेलीफिशच्या डंखावर व्हिनेगर नक्की उपयोगी आहे. मॅन-ऑफ-वॉरच्या बाबतीत तज्ज्ञांत मतभेद आहेत, तिथे सोसेल इतके गरम, ४५ अंशांच्या आसपासचे पाणी हा उपाय अनेक जण पसंत करतात. श्वास, छाती किंवा शुद्धीवर परिणाम दिसला तर ओळख पटवत बसू नका, रुग्णालय गाठा.

मग छायाचित्रे काढा, जेलीफिश असेल तर पाण्यातच आणि खालच्या बाजूनेही. तोंडाचे हात, कडेचा पडदा, शुंडके कुठून फुटतात हे वरून कळत नाही. प्रवाळ असेल तर एका पॉलिपचे जवळून चित्र हवे, शुंडके मोजता येतील असे: आठ आणि पिसांसारखी असतील तर ऑक्टोकोरॅलिया, इतके तरी लगेच ठरते. जिवंत प्रवाळ तोडू नका, बहुतेक ठिकाणी तो गुन्हाही आहे. किनाऱ्यावर आलेली जेलीफिश जतन करायची तर समुद्राच्या पाण्यात केलेले दहा टक्के फॉर्मॅलिन वापरा, कारण हा प्राणी ९५ टक्के पाणीच असतो आणि अल्कोहोलमध्ये आकसून ओळखू येईनासा होतो. पण फॉर्मॅलिन डीएनए खराब करते. म्हणून शुंडक्याचा एक तुकडा आधी कापून ९५ टक्के अल्कोहोलच्या वेगळ्या बाटलीत टाका आणि दोन्ही बाटल्यांत एकच क्रमांक, तारीख, ठिकाण आणि पाण्याचे तापमान पेन्सिलने लिहिलेली चिठ्ठी घाला. शाई अल्कोहोलमध्ये उतरते.